जिन्याच्या सोळा तऱ्हा

तैवानमधल्या चियाईतलं आमचं घर एका दुकानाएवढं रुंद आणि चार मजले उंच. जिन्यात दिवसाही अंधार, म्हणून दर मजल्यावर एक बटण. चारांपैकी कुठलंही दाबा, जिन्यातले सगळे दिवे लागायचे किंवा विझायचे. ते वायरिंग माझ्या नवऱ्याने, हुओ-थूंनी, आमच्या लग्नाच्या वर्षी केलं. गल्लीतल्या बायका मुद्दाम बघायला यायच्या. खाली लावलेला दिवा वर जाऊन विझवायच्या आणि तोंडावर हात ठेवून हसायच्या.

पुढे त्यांनी आसपासचे दोनेकशे जिने केले. चार बटणं, प्रत्येक वर नाहीतर खाली, म्हणजे सोळा तऱ्हा. त्या सगळ्या चढून-उतरून तपासल्याशिवाय ते त्या घरचा चहा घेत नसत. हाताखालचा ची-शान कुरकुरायचा, "उस्ताद, पाच-सहा बघितल्या की कळतं की."

"आणि उरलेल्या दहांत म्हातारी घसरली तर तू झेलायला येणार का?"

ब्याऐंशीव्या वर्षापर्यंत त्यांच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून गेली. नातवंडांची नावं, वार, जेवण झालं की नाही. जिना तेवढा राहिला. दिवसातून दोन वेळा ते चौथ्या मजल्यावर पूर्वजांना उदबत्ती लावायला जात आणि तेवढ्यापुरते पूर्वीचे दिसत.

आमची मुलगी पेइ-रोंग तैपेईत असते. ती म्हणाली, "आई, बाबा जिन्यात पडले तर मला कळणार कसं? एक तर मला इथून दिसू दे, नाहीतर त्यांना वृद्धाश्रमात ठेवू. मी नाव नोंदवून ठेवलंय."

मला ते घरीच हवे होते. सकाळी माझ्यासमोर बसून पेज पिणारं माणूस हवं होतं. मी हो म्हटलं.

ते डोळे तपासायला गेले होते, तेव्हा ची-शानने खालच्या बटणाच्या डबीत फोनला जोडलेला, काडेपेटीएवढा रिले बसवला. तोही आता सत्तरीचा. "वहिनी, उस्तादांना सांगायला हवं," तो म्हणाला. मी म्हटलं, "सांगितलं तर उपटून फेकतील." चारही बटणं पूर्वीसारखीच चालत होती. फक्त बटण दाबलं की पेइ-रोंगला फोनवर कळायचं, आणि दिवा चुकून राहू नये म्हणून तीन मिनिटांनी तो आपोआप विझेल असं तिने करून ठेवलं होतं.

तीन मिनिटांत हुओ-थूंचे दोन मजलेही होत नसत.

दोन दिवसांनी दुपारी मी टर्कीभात घेऊन आले, तर ते जिन्यात कागद-पेन्सिल घेऊन उभे. कागदावर सोळा रकाने, पाच-सहा खुणा, त्यावर काट.

"मध्येच विझतोय," ते म्हणाले. "पुन्हा पहिल्यापासून करतो."

"अहो, जेवा आधी."

"थांब गं. मोजणी चुकेल."

संध्याकाळी फोन आला. "आई, आज एकेचाळीस वेळा बटण दाबलंय. बाबा फार बिघडलेत."

"बिघडले नाहीत. तपासतायत."

"एकेचाळीस वेळा?"

त्यांचे गुडघे सुजले होते. तरी दुसऱ्या दिवशी ते पक्कड घेऊन शेजारच्या श्रीमती शिएंच्या दारात गेले आणि वाकून म्हणाले, "बाई, तुमच्या जिन्यात माझी चूक राहिली असणार. माझ्या घरात निघाली. माफ करा, उघडून बघतो." चाळीस वर्षांत त्या माणसाने कुणाची माफी मागितलेली मी पाहिली नव्हती. श्रीमती शिए घाबरल्या आणि त्यांनी पेइ-रोंगला फोन केला.

मी ची-शानला बोलावून रिले काढायला लावला. त्याने तो उस्तादांच्या हातावर ठेवला. "उस्ताद, तुमचं काम चोख आहे. हे मी घातलं होतं. चूक माझी."

त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. "बरं झालं सांगितलंस," म्हणाले. जेवणापर्यंत ते विसरले. दिवा विझला होता, ते मात्र विसरले नाहीत. पुन्हा सोळा तऱ्हा केल्या. सगळ्या बरोबर आल्या, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"काल चुकत होतं, आज नाही. म्हणजे भिंतीत कुठेतरी जोड सैल आहे," ते ची-शानला म्हणाले. "अशानेच घरं जळतात. शिकवलं होतं ना तुला?"

"शिकवलं होतं," ची-शान म्हणाला, आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

त्यांनी मेन स्विच पाडला. मी वर केला की ते पाडत. चौथ्या मजल्यावरचे देवघरातले लाल दिवे, जे माझ्या सासूच्या काळापासून विझले नव्हते, ते विझले. फ्रिजमधले मासे नासले. पेइ-रोंग आली, तेव्हा ती काही बोलण्याआधीच त्यांनी पिशवी भरली होती. "जोड सापडेपर्यंत या घरात झोपायचं नाही. तूही चल," ते मला म्हणाले. वृद्धाश्रमाच्या कागदावर त्यांनी आपल्या हाताने सही केली. पेइ-रोंग म्हणाली, "बघ, बाबांनाच जायचं होतं."

मी मंगळवारी आणि शनिवारी जाते. मी कोण, ते त्यांना कधी कळतं, कधी नाही. प्रश्न एकच असतो.

"तिथेच झोपतेस का अजून?"

"नाही. मुलीकडे."

"बरं," ते म्हणतात, आणि मग भाताला हात लावतात. चारच्या बसने मी त्याच घरी परत येते.