आखूड पट्ट्याची गाडी

धैर्यशील गुप्तेला पट्ट्यांचं वेड होतं, आणि घरच्यांनी ते निमूटपणे सोसलं असं म्हणणं शुद्ध खोटं ठरेल. परदेशातल्या, रिकार्टन उपनगरातल्या त्या घरात जेवायला बसलं की विषय निघायचाच: स्नोमोबिलचा पट्टा किती लांब असावा? सुचित्रा, त्याची बायको, वरण वाढता वाढता म्हणायची, "मला वाटलं होतं चाळिशी उलटली की पुरुषांना देवधर्म सुचतो." मुलगी जुई तर फोनमधून मान वर न काढता दोनच शब्द टाकायची, "बाबा, प्लीज."

पण वेडाला निमित्त होतं. धैर्यशील दूधभुकटीच्या एका कारखान्यात इंजिनियर होता आणि सरकते पट्टे सांभाळणं हेच त्याचं काम. हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी तो डोंगरातल्या एका छोट्या स्की क्लबात स्वयंसेवक म्हणून जायचा. क्लबला बचावकामासाठी स्नोमोबिल घ्यायची होती, म्हणजे पुढे दोन स्की आणि खाली रबरी पट्टा असलेली, बर्फावर धावणारी मोटरसायकल. कमिटीत कुणीतरी म्हणालं, पट्ट्यातलं याला कळतं, यालाच ठरवू द्या. झालं! त्या दिवसापासून धैर्यशीलचे पाय जमिनीवर नव्हते.

ठरवायचं ते एवढंच. एकशे त्रेसष्ट इंचांचा लांब पट्टा वजन पसरवतो, भुसभुशीत बर्फात बुडत नाही, दोन माणसं लादून चढण चढतो. पण वळवायचा म्हटला की अरुंद जिन्यातून सोफा नेल्यासारखी तऱ्हा. एकशे सदतीस इंचांचा आखूड पट्टा चटकन वळतो, खडकांमधून वाट काढतो. पण त्यावर भार टाकला की मऊ बर्फात रुतून बसतो. सगळे अमेरिकन लेख छातीठोकपणे सांगायचे, डोंगर म्हणजे लांब पट्टाच. धैर्यशीलला ते पटत नव्हतं. आपले ओहोळ अरुंद, आपला बर्फ ओला, त्या लोकांना काय कळतंय!

दोन हजार सोळाच्या ऑगस्टमधल्या, म्हणजे दक्षिण गोलार्धातल्या ऐन हिवाळ्यातल्या, एका शनिवारी विक्रेत्याने दोन्ही गाड्या क्लबला वापरून बघायला दिल्या. क्लबच्या खिंडीतल्या शेडसमोर त्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. बचावपथकाचा प्रमुख हेमी लांब गाडीवर हात टेकून उभा होता. हा माओरी गडी बोलायला कमी आणि हसायला पुढे. "किआ ओरा, धैर्य. आज निकाल लाव बाबा. कमिटी माझं डोकं खातेय."

"संध्याकाळपर्यंत सांगतो," धैर्यशील ऐटीत म्हणाला.

तेवढ्यात हेमीच्या छातीवरचा रेडिओ खरखरला. डोंगरधारेच्या दुसऱ्या टोकाला पर्यटकांसाठी एक लाकडी हट होती आणि अडीअडचणीला वापरायचा रेडिओ तिच्या भिंतीवर टांगलेला असायचा. त्यातून एका म्हातारीचा टाहो आला. हेमीला एक अक्षर कळलं नाही. धैर्यशीलला मात्र सगळं कळलं.

"अहो, कुणी आहे का? माझं बाळ गेलं हो खाली! घसरगाडीवरनं गेलं! माझं बाळ हलत नाहीये!"

या डोंगरात, या उंचीवर, मराठी! धैर्यशीलने रेडिओ जवळजवळ हिसकावून घेतला. "काकू, मी मराठीच आहे. घाबरू नका. बाळ कुठल्या बाजूला गेलं?"

"मागच्या बाजूला... ती घळ आहे ना, तिच्यात! अहो लवकर या!"

"बाळ केवढं आहे?"

"एवढंसं हो! एवढंसं दिसतंय!"

धैर्यशीलच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने हेमीला इंग्रजीत सांगितलं, घळीत तान्हं बाळ पडलंय, घसरगाडीवरून. हेमीचा नेहमीचा हसरा चेहरा राखेसारखा झाला. त्याला स्वतःला दोन लहान मुली होत्या.

"आर यू शुअर, मेट?"

"माझी भाषा आहे ती, हेमी!" धैर्यशील ओरडलाच. आणि खरं सांगायचं तर त्या भीतीतही त्याला कुठेतरी आपला अभिमान वाटला. आज तो नसता तर या बाईचं कुणाला काय कळलं असतं?

आता गाडी निवडायची होती. घळ त्याला पाठ होती. वरून उतरायला खडकांमधून वेडीवाकडी वाट, तळाशी थोडी सपाटी, आणि पुढे सरळ धबधब्याचा कडा. बाहेर पडायचं तर आल्या वाटेनेच वर चढायचं. त्याच्या डोक्यात आकडे फिरले. चालवणारा एक, सोबत फार तर दहा किलोचं बाळ. भार नाहीच, वळणं मात्र भरपूर. आखूड पट्टा! शंकाच नको.

"यू टेक द शॉर्ट वन," हेमी म्हणाला. "मी लांबवाली घेऊन खाली जातो. कारपार्कात नर्स आहे, तिच्याकडे लहान मुलांचं सामान आहे. ढग उतरलाय, हेलिकॉप्टर येणार नाही."

एकेक रेडिओ घेऊन दोघं दोन दिशांना सुटले. जाता जाता धैर्यशीलने बघितलं, रेडिओ ऐकून क्लबातली झाडून सगळी माणसं फावडी आणि काठ्या घेऊन धावत निघाली होती.

गाडीने मात्र कमाल केली. खडकांमधून ती मांजरासारखी उतरली. एरवी त्याने शीळ घातली असती, पण आज त्याचे डोळे बर्फावर खिळले होते. लोकरीचं टोपडं, दुपटं, गुलाबी नाहीतर पिवळं काहीतरी. प्रत्येक काळ्या दगडापाशी तो वेग कमी करून वाकून बघत होता. बर्फाखाली तर नसेल? आवाज बंद करून ऐकावं का? रडत असेल तर बरं, रडत नसेल तर...

तळाच्या सपाटीवर लाल जाकीट घातलेला एक धिप्पाड माणूस पाय पसरून बसला होता. अंगापिंडाने चांगला शंभर किलोचा, पन्नाशीचा. त्याने हात हलवला.

"हॅव यू सीन अ बेबी?" धैर्यशील लांबूनच ओरडला.

"व्हॉट बेबी?" माणूस म्हणाला, आणि मग पाय हलवायला गेला तसा कळवळला, "आई गं!"

"तुम्ही मराठी? अहो, बाळ बघितलंत का? बाळ पडलंय इथे!"

"मीच पडलोय," तो माणूस बावरून म्हणाला.

"तुम्ही नाही हो! बाळ! बाळ पडलंय!"

"अहो, मीच बाळ. बाळ सोहोनी. टाकानिनीला असतो, ऑकलंडला. आईला बर्फ दाखवायला आणलं होतं."

धैर्यशील गाडीवर तसाच बसून राहिला. आ वासलेला. बाळ! पन्नास वर्षांपूर्वी महाराष्ट्रात कुणाच्या तरी बारशाला खुशाल ठेवलेलं, कागदोपत्री पक्कं नाव. त्याच्या स्वतःच्या आत्याच्या नवऱ्याचं नाव बाळ होतं. जुन्या ऑफिसातल्या साहेबाचं नावही तेच होतं. आणि आई कळवळली की पन्नाशीचा मुलगासुद्धा नपुंसकलिंगात जातो, हे मराठीचं व्याकरण नेमकं आज त्याला आठवलं नव्हतं. एखाद्या गोऱ्याने रेडिओ घेतला असता तर त्याने साधं विचारलं असतं, हू इज बाळ? मराठी येत होतं म्हणून धैर्यशीलने ते विचारलंच नाही.

"दुसरं कुणी लहान मूल नाही ना? नक्की?"

"नाही हो. आई आणि मी, दोघंच आलोय."

आणि मग धैर्यशीलच्या छातीवरचं एवढं मोठं ओझं उतरलं की त्याला हसूच फुटलं. कुठलंही तान्हं मूल बर्फाखाली नव्हतं. त्याने रेडिओचं बटण दाबलं, आणि आनंदाच्या भरात तोंडातून आली ती मातृभाषाच. "बाळ नाहीये! इथे बाळ नाहीच आहे! सुटलो!" मग भानावर येऊन त्याने इंग्रजीत हेमीला सांगितलं, बेबी नाही, मोठा माणूस आहे, पाय मोडलाय, त्याचं नावच बेबी आहे.

"हिज नेम इज व्हॉट?" हेमीचा आवाज आला. मग थोडं थांबून, "ओके. मी निम्म्या वाटेवर आहे. मागे फिरतो. हँग इन देअर."

खरं तर तिथेच थांबून हेमीची वाट बघायला हवी होती. पण धैर्यशील गुप्ते म्हणजे धैर्यशील गुप्ते. त्याने बाळ सोहोनींना कसंबसं मागे बसवलं आणि गाडी चढणीला घातली. हातभरही गेली नाही. पट्टा जागच्या जागी फिरला, बर्फ उडाला, आणि गाडीचं बूड असं रुतलं की सीट बर्फाला टेकली. लेख लिहिणाऱ्या त्या अमेरिकनांनी आता खुशाल हसावं. त्याने सोहोनींना उतरवून थर्मल पिशवीत गुंडाळलं, फावड्याने गाडी मोकळी केली, आणि धापा टाकत बाजूला बसला.

सोहोनींचे ओठ निळे पडू लागले होते, पण शुद्ध चांगली होती. "आईला कळवलंत ना, मी ठीक आहे म्हणून?"

"हो, सांगितलं की."

"काय सांगितलंत?"

"हेच, की बाळ नाही..."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. वर हटमध्ये एक म्हातारी एकटीच रेडिओला कान लावून बसली होती. तिला तिच्याच भाषेत, स्वच्छ उच्चारात, हसत हसत कुणीतरी सांगितलं होतं, बाळ नाहीये.

"अहो, काय बोललात तुम्ही हे!" सोहोनींनी रेडिओ ओढून घेतला. "आई! आई, मी बोलतोय! मी आहे! आई, बोल ना!"

रेडिओत नुसती खरखर. वर कुणी नव्हतं.

ढगाचा पडदा क्षणभर फाटला तेव्हा धैर्यशीलने वर बघितलं. हटच्या मागच्या उतारावर एक काळा ठिपका खाली सरकत होता. बसून, घसरत, अधूनमधून हात टेकत. एवढीशी दिसत होती ती. इतक्या लांबून हत्तीही एवढासाच दिसला असता. केवढं आहे म्हणून विचारल्यावर तिने दिसत होतं तेच तर सांगितलं होतं!

"ती आई आहे," सोहोनी म्हणाले. मग त्यांचा आवाज फाटला. "ती कड्याकडे चाललीय. अहो, तिला दिसत नाहीये खाली काय आहे ते! मला सोडा. जा!"

धैर्यशील गाडीवर कसा चढला हे त्याला आठवत नाही. रिकामी गाडी रुतली नाही. त्याने ती उतारावर आडवी घातली, एका बाजूला पूर्ण झुकून, गुडघा बर्फाला घासत. तोंडाने तो सारखा ओरडत होता, "काकू, थांबा! बाळ आहे! बाळ आहे!" इंजिनाच्या आवाजात त्याचं त्यालाच ऐकू येत नव्हतं. म्हातारी सरकतच होती. तिच्या खालचा बर्फ गुळगुळीत होत होत एकदम संपत होता, आणि संपल्यानंतर नुसता पाण्याचा आवाज होता. तिच्या आणि कड्याच्या मध्ये त्याने गाडी घातली तेव्हा म्हातारी येऊन पट्ट्यावर आदळली.

शहात्तरीच्या वासंतीबाई सोहोनी. लेकाचं ढगळ जाकीट, त्याखाली पाचवारी, पायात कुणाचे तरी मोठे बूट. डोळ्यांत पाणी नव्हतं. ती त्याच्याकडे बघतही नव्हती, त्याच्या खांद्यावरून खाली बघत होती.

"काकू, बाळ आहे. जिवंत आहे. पाय मोडलाय फक्त."

"नाही म्हणालात," ती म्हणाली.

"माझं चुकलं. आहे. चला, दाखवतो तुम्हाला."

तिचा विश्वास बसला नाही. तरी ती गाडीवर बसली, कारण गाडी खाली जाणार होती आणि तिला खालीच जायचं होतं. तिचे हात त्याच्या पोटाभोवती घट्ट आवळलेले होते.

सोहोनी दिसले तशी ती गाडी थांबायच्या आधीच उतरली. पडली, उठली, गुडघ्यांवर चालत त्यांच्याजवळ गेली. आधी तोंड चाचपलं, मग कान, मग छाती. "आई, अगं मी आहे," सोहोनी म्हणत होते, "बघ ना, बोलतोय ना मी." तिने त्यांना एक चापट मारली, मग त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि इतक्या मोठ्याने रडली की घळीतून तिचा आवाज परत आला.

हेमी लांब गाडी घेऊन उतरला. वळणांवर त्याने चार शिव्या घातल्या, पण उतरला. दोघांनी मिळून सोहोनींना मागे बांधलं. तो लांब पट्टा एवढा भार घेऊन बर्फावर तरंगतच वर निघाला. जाता जाता हेमीने मान वळवून विचारलं, "सो? विच वन, धैर्य?" धैर्यशीलने हात हलवून त्याला पुढे जायला सांगितलं. आता आखूड गाडी, तो आणि वासंतीबाई, एवढंच खाली उरलं होतं.

वासंतीबाईंनी पदराने डोळे पुसले. त्या आता शांत झाल्या होत्या. गाडीवर बसण्याआधी त्यांनी धैर्यशीलकडे पहिल्यांदाच नीट बघितलं, अगदी वरपासून खालपर्यंत.

"एक विचारू का हो? तुम्ही मराठीच ना? घरी मराठीच बोलता?"

"हो, काकू."

"मग 'बाळ नाहीये' असं कसं बोलवलं हो तुम्हाला? आणि वर हसलात."

"मला वाटलं, बाळ म्हणजे..." त्याने सीटवरचा बर्फ झाडला आणि त्यांना गाडीवर बसायला हात दिला.