दोन किलो जास्त

मी काटा बोलतोय. रंकाळ्याच्या काठावर आनंदविहार नावाची बाग होती, तिच्या फाटकाशी उभा असलेला, माणूस चढला की सुई फिरवून वजन सांगणारा काटा. आज खरं तेवढंच सांगणार आहे. इतकी वर्षं खोटं बोललो, आता शेवटी एवढं तरी जमावं.

कोल्हापूरला समुद्र नाही, म्हणून आमच्या लोकांनी तळ्यालाच चौपाटी म्हणून टाकलं. वाळू नाही, लाटा नाहीत, पण थाट पुरा. बागेत आकाशपाळणा होता, वळणावर शिट्टी मारणारी छोटी आगगाडी होती, पोट दुखेपर्यंत हसवणारे वाकडे आरसे होते, पायाने चालवायच्या हंसाच्या होड्या होत्या. रविवारी संध्याकाळी भेळेच्या वासात अख्खं गाव तिथे लोटायचं. बाग सुरू झाली त्याच वर्षी मला हिरवा रंग देऊन तिथे आणलं. माझा मालक सयाजी. बोलघेवडा, हसतमुख आणि कुणाचं तोंड पडलेलं न बघवणारा माणूस.

दुसऱ्या गावांत म्हणे वजन कमी भरलं की लोक खूश होतात. आमच्याकडे उलटं. तालमीतला पैलवान महिनाभर दूध-बदाम हाणून माझ्यावर चढायचा, सुई जागची हललेली नसली की मलाच शिव्या घालून जायचा आणि पुन्हा फिरकायचा नाही. मग सयाजीने युक्ती केली. माझ्या पोटातला स्क्रू पिळून त्याने मला दोन किलो पुढे सरकवलं. रिकामा असताना सुई शून्याच्या पुढे थांबते हे दिसू नये म्हणून काचेवर तिथे अंबाबाईचं स्टिकर चिकटवलं.

"किती भरलं, मामा?"

"ब्याण्णव. अंग धरलंय की, पैलवान."

पैलवान मिशीला पीळ देत भेळेच्या गाडीकडे जायचा. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आलेल्या लेकीला आई माझ्यावर उभी करायची आणि वजन वाढलेलं बघून निश्चिंत व्हायची. यात कुणाचं काय बिघडतंय, असं सयाजीला वाटायचं. मलाही तसंच वाटायचं, हे कबूल करतो.

मग शशिधर आणि विद्याश्री यायला लागले. तो महाद्वार रोडवर कापडाच्या दुकानात कामाला होता. त्यांची शिवगंगा सहा वर्षांची, छातीच्या दुखण्याने वाळलेली. दर रविवारी विद्याश्री तिला काखेत घेऊन यायची आणि माझ्यावर उभी करायची. पोर श्वास धरून सुईकडे बघायची. वजन झालं की आगगाडीत बसायचं, हा तिचा ठराव.

एका रविवारी सुई अर्धा किलो मागे आली. शशिधरचा चेहरा उतरला. पोरीने तो बघितला.

"मी जेवते की, आप्पा. रोज जेवते," ती म्हणाली.

त्या दिवशी ती आगगाडीत बसली नाही. सयाजीला ते काही सहन झालं नाही. पुढच्या रविवारी ते यायच्या आधी तो माझ्यापाशी वाकला आणि त्याने स्क्रूला आणखी एक पीळ दिला.

"सतरा किलो सहाशे. वाढलं की, बाळ," त्याने मोठ्याने सांगितलं.

शिवगंगाने टाळ्या पिटल्या. शशिधरने तिला गाडीत दोनदा फिरवलं. मग दर रविवारी हेच. ते यायच्या आधी सयाजी थोडं आणखी पिळायचा, ते गेले की परत जागेवर आणायचा. असे पाच महिने गेले. पोर माझ्यावर उभी राहायची तेव्हा तिचा खरा भार मला कळायचा. पंधरा किलो, मग चौदा, मग तेराच्या जरा वर. पण मला बोलायला सुई एकच, आणि तिचा कान सयाजीच्या हातात.

दोन रविवार ते आले नाहीत. तिसऱ्या रविवारी शशिधर एकटा आला.

"गंगू गेली, मामा," तो म्हणाला. "डॉक्टरांनी सांगितलं हुतं, दर आठवड्याला वजन बघा, उतरतच ऱ्हायलं तर थांबू नका, लगेच मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात न्या. इथं तर वाढतच हुतं. म्हणून आम्ही निवांत ऱ्हायलो. मग पोर गेली कशी? हिनंच काय तरी हयगय केली असणार. आई बी तेच म्हणत्या."

शशिधर निघून गेला. त्या दिवशी सयाजीने नखांनी ते स्टिकर खरवडून काढलं आणि मला शून्यावर आणलं. पैलवान "काटा बिघडला" म्हणत दुसरीकडे जाऊ लागले. सयाजीने एकालाही समजावलं नाही.

अकरा वर्षं गेली. आगगाडी गंजली, आरशांचा पारा उडाला, हंसांच्या माना तुटल्या. पोरं मोबाइलमध्ये रमली. यंदा बागेचा करार संपला आणि एकेक पाळणा उतरवून ट्रकमध्ये भरला गेला. शेवटच्या रविवारी विद्याश्री आली. एकटीच. रुळांवर उभ्या असलेल्या गाडीच्या डब्यावरून तिने हात फिरवला आणि परत निघाली.

"ताई," सयाजीने हाक मारली. "जरा थांबा." आणि त्याने सगळं सांगितलं. स्क्रू, पाच महिने, खरी वजनं. सांगताना तो मलाच धरून उभा होता.

विद्याश्री रडली नाही. आपल्या दोन्ही हातांकडे बघत म्हणाली, "मला कळत हुतं, मामा. काखेत घेतली की पोर हलकी लागायची. दर रविवारी आणखी हलकी. पण काटा म्हणायचा, वाढलं. मग मला वाटलं, माझ्याच हाताला समजत न्हाय. लोखंड कशाला खोटं बोलंल?"

सयाजी मटकन खाली बसला.

"बसू नका," ती म्हणाली. "उठा. माझ्यासंगं घरी चला आणि हे त्यांच्या तोंडावर सांगा. अकरा वर्षं मी ऐकून घेतलंय."

ती पुढे आणि सयाजी मागे, असे ते फाटकातून गेले. तो परतला तेव्हा अंधारायला आलं होतं. तो एवढंच म्हणाला की शशिधर लहान पोरासारखा रडला, आणि ती तिथून उठून भाकऱ्या थापायला गेली.

आता मी भंगाराच्या ढिगात आडवा पडलोय. उद्या शिरोलीच्या भट्टीत जाईन. ऐकणाऱ्या बाबांनो, माझा राग आला असेल तर यायलाच पाहिजे. माझं एकच मागणं आहे. वितळवून माझे खिळे करा, विळे करा, कुणाच्या दाराची कडी करा. फक्त पुन्हा काटा करू नका.