पडद्यावरचा बाण

मलकापुरातील जिनिंगच्या काट्यावर कापूस तोलण्यात उभी हयात घालवलेल्या नारायणरावांना वादात सहसा कुणी हरवत नसे. परंतु आज गजेंद्रच्या दुकानात ते तोट्याचीच बाजू लढवत होते.

घरचा संगणक इतका मंदावला होता, की तो सुरू होईपर्यंत चहा करून, पिऊन, कप विसळून व्हावा. त्यात नवी डिस्क बसवायची होती. काउंटरवर दोन ठेवल्या होत्या: एक जुन्या धाटणीची, आत तबकडी फिरणारी, वजनदार; दुसरी पातळ, हलकी, निःशब्द एसएसडी.

"मले तबकडीवालीच दे. जागा जास्त, अन् हाताले वजनबी लागते."

"डिस्क काय किलोवर घेऊन राह्यले काय, काकाजी? कापूस हाय का तो?" गजेंद्र हसला. "ही न्या. बटन दाबलं का चालू. अडकायचं नाव नाही."

"अडकलं तं अडकलं. मले कोणती गाडी पकडाची हाय?"

"पण काऊन?"

कारण सांगण्याजोगे नव्हते. हैदराबादला नोकरीस असलेला मुलगा ऋत्विक निवांत बोले तो संगणक अडला म्हणजेच. 'काय बिघडलं, बाबा?' हाच त्याचा नमस्कार. मग तो तिथूनच हा संगणक ताब्यात घेई, आणि इथल्या पडद्यावरचा बाण आपोआप सरकू लागे. फायली उघडी, नको त्या पुसून टाकी. शेजारी कुणी बसले असावे अशी जागा सोडून, खुर्ची बाजूला घेऊन, नारायणराव ते पाहत राहत. पत्नी सत्यभामाबाई गेल्यापासून त्या घरात दुसऱ्या कुणाच्या हाताने हलणारी तेवढी एकच वस्तू उरली होती.

"अन् खरं सांगू का," गजेंद्र म्हणाला, "ऋत्विकभाऊचा फोन आल्ता सकाळी. म्हणे, बाबा वाद घालतीन, पण तू एसएसडीच बसव. त्याइले लय तरास हाय त्या कम्प्युटरचा. बराच वेळ बोलला. माह्या पोरीच्या शाळेचंबी इचारलं."

बराच वेळ बोलला, हे नारायणरावांनी मनात एकवार तोलून पाहिले. मग वाद सोडला. गजेंद्रने जुन्या डिस्कवरचे सारे जसेच्या तसे उतरवून एसएसडी बसवून दिली.

संध्याकाळी त्यांनी चहाचे आधण ठेवले आणि बटण दाबले. पाणी कोमट होण्यापूर्वीच पडदा उजळला. यंत्राची नेहमीची घरघरही थांबली होती. तिची किती सवय झाली होती, हे आता कळले. शेवटी त्यांनी स्वतःच फोन लावला.

"काय बिघडलं, बाबा?"

"काही नाही. झकास चालून राह्यलं."

"मग?"

नारायणरावांनी माउस जरासा ढकलला; बाण लगेच सरकला. पलीकडे कुणीतरी ऋत्विकला हाक मारली.

"बाण," ते घाईने म्हणाले, "बाण हलत नाही." आणि माउसवरचा हात अलगद उचलून त्यांनी मांडीवर ठेवला.

"आता हे काय नवीन? थांबा, जोडतो."

नारायणरावांनी खुर्ची बाजूला सरकवली. थोड्या वेळाने बाण हलला. पडदा ओलांडून गेला, परतला, थांबला.

"हलतो की, बाबा."

"हाव? कोपऱ्यात जातो का, पाह्य बरं."

बाण कोपऱ्यात गेला. मग, कुणी न सांगता, बाण हळूहळू दुसऱ्या कोपऱ्याकडे निघाला.