पिस्तुलाच्या जागी टॉर्च

“काका, पोराच्या हातात टॉर्च द्या. पिस्तूल आता चालत नाही. लोक बोंब मारतात,” कॉमिक कंपनीच्या मालकीणबाई म्हणाल्या.

काकांनी मान डोलावली. पन्नास वर्षांपूर्वी याच टेबलावर त्यांनी कॉमिकमधल्या आठ वर्षांच्या पोराच्या हातात गलोल दिली होती. तेव्हा मालक असलेल्या बाईंच्या वडिलांनी ते पान त्यांच्या तोंडावर फेकलं होतं. “गलोलीला कुत्रं विचारणार नाही! पिस्तूल काढ, नाहीतर घरी बस.” काकांनी पिस्तूल काढलं. अंक धडाधड खपले आणि चित्रकार म्हणून नाव छापलं गेलं मालकांचं. राबायचं एकानं आणि मिरवायचं दुसऱ्यानं, ही त्या कंपनीची रीतच होती.

नव्या आवृत्तीत मात्र तुमचं नाव छापू, असा बाईंनी शब्द दिला होता. तेवढ्या शब्दावर सत्तरी ओलांडलेले काका दोन महिने आपलीच पिस्तुलं खोडत बसले.

“बाई, पोरानं नेम धरायला एक डोळा मिटलाय. टॉर्च मारताना कुणी डोळा मिटतं का?”

“कोण बघतंय, काका! उरका.”

पुस्तक छापून आलं. मुखपृष्ठावर चित्रकार म्हणून बाईंच्या वडिलांचं नाव होतंच. काकांचं नाव होतं दुसऱ्या पानावर, ठळक अक्षरांत, अगदी पूर्ण. मूळ अंकांत मुलाच्या हाती शस्त्र देण्याची कल्पना या सहायकाची होती, त्याबद्दल संस्था दिलगीर आहे, असा मजकूर होता.

काकांनी ते पान बाईंसमोर धरलं. “बाई, ही कल्पना तुमच्या वडिलांची...”

“बाबा आहेत का आता सांगायला? आणि नाव हवं होतं ना? छापलं की!”

घरी काकू दारातच उभ्या होत्या. मोतीबिंदूमुळे त्यांना ठळक अक्षरंही पुसट दिसत. “अहो, आलं का नाव?”

“आलं.”

काकूंनी पुस्तक छातीशी धरलं. ‘नवऱ्याचं नाव कुठं छापलंय?’ ही माहेरच्यांची टिंगल पन्नास वर्षं मुकाट्यानं गिळलेली बाई ती. “वाचा ना.”

काकांनी आपलं नाव वाचलं आणि ते थांबले.

“पुढे काय लिहिलंय?”

“पुढे असंच, कंपनीचं.”

“तुम्ही म्हणजे ना! स्वतःचं कौतुक वाचायलाही लाजता.” काकूंनी शेजारच्या दारावर थाप मारली. “ताई, या बरं जरा. यांच्याबद्दल छापून आलंय. मोठ्यानं वाचा, जिन्यात सगळ्यांना ऐकू जाऊ दे.”

शेजारीण चष्मा पुसत आली आणि खणखणीत आवाजात वाचू लागली.