शुक्रवारचं व्याख्यान

"फेब्रुवारीच्या व्याख्यानांचं वेळापत्रक आज लागायला हवं," बडेकर सर दारातूनच म्हणाले. "बुधवारचे तिघे वक्ते नक्की झालेत. चौथ्या मॅडमना कुठलाही बुधवार किंवा शुक्रवार चालेल म्हणतात. तारीख तुम्हीच बघा, नफिसाताई."

"नाव काय सर त्यांचं?"

"डॉ. सुनंदा पादीर. हैदराबादला शिकवतात. मूळच्या आपल्या कर्जतकडच्याच आहेत म्हणे. ऐकलंय का नाव?"

नफिसानं मान हलवली. ती 'हो' होती की 'नाही', हे सरांना कळलं नसावं. ते घाईत होते, निघून गेले.

पळसदरीच्या पुढे डोंगराला टेकून हे विद्यापीठ उभं राहिलं, तेव्हापासून नफिसा खोत तत्त्वज्ञान विभागाचं कार्यालय सांभाळत होती. चर्चासत्रं ठरली की पाहुण्यांची तिकिटं, अतिथिगृहातली खोली, भित्तिपत्रक, चहा, सगळं तिच्याकडे. व्याख्यान सुरू झालं की तिचं काम संपायचं. मग ती दाराशी उभी राहून दहा-पंधरा मिनिटं ऐकायची आणि टेबलावर परत यायची.

सुनंदाचं नाव तिनं नुसतं ऐकलंच नव्हतं, तर तीन वर्षं त्या नावाच्या शेजारी बसून काढली होती. कर्जतच्या कॉलेजात तत्त्वज्ञान घेणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पहिल्या बाकावर बाजारपेठेतल्या नजेशेठची नफिसा आणि डोंगराखालच्या ठाकरवाडीतून चालत येणारी सुनंदा. नफिसा पहिली यायची, सुनंदा दुसरी. परीक्षेआधी नफिसाच तिला दुकानाच्या माळ्यावर बसवून शिकवायची. पुढे दोघींनाही मुंबईत एम.ए.ला प्रवेश मिळाला. सुनंदा गेली. नफिसा गेली नाही.

तिला कुणी अडवलं नव्हतं. अब्बांनी वसतिगृहाची चौकशीसुद्धा करून ठेवली होती. पण त्याच उन्हाळ्यात शिळफाट्याच्या अब्रार खोतचं स्थळ आलं, फरश्यांचा धंदा असलेलं. हसरा, मोकळा माणूस. तो तिला आवडला आणि तिनं हो म्हटलं. एम.ए. काय, नंतरही करता येईल. नंतर तिनं ते घरी बसून केलंही, पण तोवर सुनंदा दिल्लीला पोचली होती. संसार चांगला झाला. त्यामुळे दोष द्यायला तिच्याकडे माणूसच नव्हता आणि ते जास्त टोचायचं.

कार्यालयात कुणी नसलं की ती संगणकावर सुनंदाचं नाव शोधायची. नवा लेख दिसला की दोन-तीन पानं वाचायची. एखाद्या ठिकाणी छपाईची चूक सापडली तर तिचा तो दिवस बरा जायचा. कधी मनात यायचं, जागा राखीव होती म्हणून, शिष्यवृत्ती मिळाली म्हणून. मग तिला स्वतःचीच शरम वाटायची. पण शरम वाटली तरी विचार यायचा थांबत नव्हता.

आता तेच नाव तिला स्वतःच्या हातानं वेळापत्रकात टाकायचं होतं.

तिनं कॅलेंडर पुढे ओढलं. एक बुधवार अगदी मोकळा होता. बुधवारी व्याख्यानाची खोली भरून जायची, मुलं खिडकीत बसायची. तिची नजर खाली सरकली. तिसऱ्या शुक्रवारला लागून तीन दिवस सुट्टी होती. अशा शुक्रवारी दुपारी साडेतीनच्या बसला मुलं पाठीवर पिशव्या टाकून रांगा लावत आणि चारनंतर आवारात कुत्र्यांखेरीज कुणी दिसत नसे. हे विभागात तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

तिनं शुक्रवार लिहिला. वेळ चारची. आणि जागा म्हणून नेहमीच्या खोलीऐवजी मोठं सभागृह.

"सभागृह?" सरांनी कागद बघून विचारलं.

"आपल्या भागातल्या बाई आहेत सर. मान नको का द्यायला?"

"वा! हे मला सुचायला हवं होतं," सर म्हणाले आणि सही केली.

त्या आठवड्यात विभागाचा फोन वाजला. पलीकडून कुणीतरी इंग्रजीत सभागृहातल्या प्रोजेक्टरच्या पडद्याविषयी विचारू लागलं. नफिसानं दोन वाक्यांत उत्तर दिलं आणि पलीकडचा आवाज थबकला.

"हा आवाज... नफू? नफूच ना गं तू?"

"हो."

"अगं, तू हायस तिथं? ईमेलखाली खोत लिहिलेलं, मला कसं कळणार! मी इथं घाबरून बसलेय, आपल्या गावात बोलायचं म्हणून. आता बरं वाटलं बघ." सुनंदा हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "ऐक ना. आईला आणतेय. तिनं मला कधी बोलताना बघितलेलंच नाय. लेक काय करते ते तिला सांगून कळत नाय. म्हटलं, एकदा डोळ्यांनी बघू दे. लोक ऐकत्यात, एवढं बघितलं तरी पुरे."

भित्तिपत्रकं अजून छापायची होती. बुधवार अजून मोकळाच होता. एक फोन सरांना, एक छापखान्यात. नफिसाच्या तोंडाशी आलंही होतं.

"आण की," ती म्हणाली. "पुढच्या रांगेत जागा ठेवते."

रात्री जेवताना तिनं अब्रारला सांगितलं. तो खूश झाला. "तुझ्याबरोबर शिकायची ती? मग घरी बोलव तिला जेवायला."

"ती कामात असेल."

"तू पहिली यायचीस ना गं तेव्हा?" अब्रारनं कौतुकानं विचारलं.

नफिसा उठली आणि ताट उचलून आत गेली.

शुक्रवारी साडेतीनला बस भरभरून खाली उतरल्या. चारला दहा कमी असताना सुनंदा रिक्षातून उतरली. केस पुढून पांढरे झालेले, साधी सुती साडी, डोळे तेच. तिनं नफिसाला घट्ट मिठी मारली. मागोमाग तिची आई, मंगळीबाई, उतरली. लेकीनं आणलेलं नवं लुगडं नेसून, ठेवणीतली माळ घालून आली होती. तिनं नफिसाचा चेहरा हातात धरून पाहिला.

"नजेशेटची पोर तू. वळाकलं मी. तुमच्या पायरीवर आवळं घिऊन बसायचे मी, आटवतं का?"

"आठवतं मावशी."

"ही लय नाव काडायची तुजं. नफूनं शिकवलं, नफूनं शिकवलं."

नफिसानं त्यांना आत नेलं. सभागृहाच्या दारात सुनंदाची पावलं क्षणभर अडखळली. लांबच लांब निळ्या खुर्च्यांच्या रांगा, वर सगळे दिवे लागलेले. पुढे बडेकर सर, दोन संशोधक विद्यार्थी आणि आवाजाची यंत्रणा बघणारा माणूस. सरांनी एका पहारेकऱ्यालाही आत आणून बसवलं होतं.

"सुट्टी लागून आली ना," सर ओशाळून म्हणाले आणि नफिसाकडे वळले. "आपल्या लक्षात कसं नाही आलं हो?"

"चुकलं सर," नफिसा म्हणाली.

"लोक येयाचं हायेत आजून?" मंगळीबाईनं विचारलं.

सुनंदा व्यासपीठावर चढली, ध्वनिक्षेपकाजवळ गेली आणि तिथून परत फिरली. कडेला येऊन, पाय खाली सोडून बसली. "इंग्रजीत लिहून आणलंय," ती म्हणाली. "पण आज आई आहे. चालत असेल तर मराठीत सांगते."

नफिसाला आज दाराशी उभं राहायचं नव्हतं. जायचं होतं. पण मंगळीबाईनं तिचा हात धरून शेजारी बसवलं होतं. म्हातारी सभागृहातल्या एसीच्या गारव्यात कुडकुडत होती. नफिसानं आपली शाल तिच्या अंगावर घातली.

सुनंदाचा विषय होता शब्दप्रमाण. दुसऱ्यानं सांगितलेलं आपण ज्ञान म्हणून केव्हा आणि का स्वीकारतो. बी.ए.ला दोघींनी माळ्यावर बसून पाठ केलेला भाग. पण सुनंदा तो पाठ केल्यासारखा सांगत नव्हती. न्यायदर्शनात ज्याच्या शब्दावर विसंबावं त्याला आप्त म्हणतात, ती म्हणाली. आप्त म्हणजे नात्यातला माणूस नव्हे, विद्वानही नव्हे. ज्याला ती गोष्ट ठाऊक आहे आणि ती जशी आहे तशी दुसऱ्याला सांगावी अशी ज्याला इच्छा आहे, तो आप्त. तो कोणत्या जातीचा, कोणत्या देशाचा, हा प्रश्नच येत नाही. मग जंगलातल्या वाटेपासून न्यायालयातल्या साक्षीपर्यंत ती एकेक उदाहरण घेत गेली. शब्द साधे होते आणि मध्येच कुठेतरी खाली खोल पाणी असल्यासारखं वाटायचं. विद्यार्थी लिहायचं थांबले होते. पहारेकरी पुढे वाकून ऐकत होता. मंगळीबाई मात्र शालीच्या उबेत हळूहळू कलली आणि नफिसाच्या खांद्यावर डोकं टेकून झोपून गेली.

"कुणाला काही विचारायचंय?" शेवटी सरांनी विचारलं.

नफिसानं हात वर केला. का केला ते तिलाही सांगता आलं नसतं. गेले काही दिवस पोळ्या लाटताना, भांडी लावताना एक प्रश्न तिच्या मागे लागला होता. तो सुनंदाला अडवेल, असं कुठेतरी वाटत होतं.

"ज्याला ठाऊक आहे, पण सांगायची इच्छा नाही," ती हळू आवाजात म्हणाली, म्हातारी जागी होऊ नये म्हणून, "तो गप्प राहतो. त्याच्या गप्प राहण्यातूनही आपल्याला काही कळतंच ना? मग तेही शब्दप्रमाण का नाही?"

सुनंदा तिच्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा उजळला, पूर्वी माळ्यावर एखादं कोडं सुटल्यावर उजळायचा तसा.

"कळतं. पण वेगळ्या वाटेनं कळतं," ती म्हणाली. "बोलणाऱ्यावर आपण विश्वास टाकतो. गप्प राहणाऱ्यावरून आपण तर्क करतो, धूर बघून आगीचा करतो तसा. म्हणजे ज्या क्षणी तो गप्प राहायचं ठरवतो, त्या क्षणी तो आपल्यासाठी सांगणारा माणूस राहत नाही. धूर होतो. त्याच्याकडे बघून आपण अंदाज बांधतो, सावध होतो. धूर खोटं बोलत नाही, हे खरं. पण धुरावर कुणी विश्वासही टाकत नाही." ती थांबली. "मी याचा असा विचार केला नव्हता. आत्ता तू विचारलंस म्हणून सुचलं."

आत्ता सुचलं. पाय हलवत, बसल्याजागी. नफिसा तो प्रश्न आठवडाभर वागवत होती आणि त्याच्या पलीकडे तिला एक पाऊल टाकता आलं नव्हतं. मुंबईला गेले असते तरी हे आपल्याला सुचलं नसतं, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं. इतकी वर्षं तिनं जपून ठेवलेलं एक वाक्य होतं: मी गेले असते तर तिथं मी असते. ते वाक्य आता तिच्याकडे राहिलं नाही. आणि ते गेल्यावर हातात काय उरतं, ते तिला समजेना.

चहा झाला. सर दोन-तीनदा माफी मागून गेले. विद्यापीठाची गाडी सुट्टीसाठी केव्हाच निघून गेली होती आणि वर रिक्षा मिळत नव्हती. पायऱ्यांवर दोघीच उरल्या. मंगळीबाई खाली नळावर तोंड धूत होती.

"तारीख कुणी ठरवली गं?" सुनंदानं विचारलं.

"मी."

"सुट्टी हाय ते—"

"ठाऊक होतं," नफिसा म्हणाली. "सभागृहही मीच घेतलं. म्हणजे जास्त रिकामं दिसेल म्हणून."

सुनंदानं तिच्याकडे पाहिलं नाही. समोरच्या उतारावरचं गवत वाळून पिवळं झालं होतं, तिकडे ती बघत राहिली.

"आई पहिल्यांदा आली होती, नफू," ती म्हणाली.

मग ती खाली उतरली, आईचा हात धरला आणि दोघी उतारानं चालू लागल्या. म्हातारीचा एक पाय ओढत होता. नफिसानं अब्रारला फोन लावला.

तो खोपोलीहून फरश्यांचा टेंपो घेऊन आला. पुढची जागा म्हातारीसाठी ठेवून नफिसा मागच्या हौद्यात चढली. फाटकाच्या पुढे वळणावर त्या दोघी दिसल्या.

"चला मावशी, वाडीवर सोडतो!" अब्रारनं डोकं बाहेर काढून हाक मारली. "किती लांब चालणार?"

"बरं झालं बाबा. पाय दुकत्यात," म्हणत मंगळीबाई पुढे चढूनही बसली. पुढे एकाच माणसाची जागा होती. सुनंदा क्षणभर रस्त्यावर थांबली, मग मागे चढली. फरश्यांचे खोके मध्ये ठेवून दोघी दोन बाजूंना उभ्या राहिल्या.

पुढून मंगळीबाईचा आवाज ऐकू येत होता. "केवडी खोली ती! सगळी माज्या लेकीसाटी उगडलेली. मला तर झोपच लागली बग." अब्रार मोठ्यानं हसला.

सुनंदाच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं आणि थांबलं. बराच रस्ता गेल्यावर ती बोलली. "तुझा प्रश्न लेखात घालावा लागेल मला. त्याच्याशिवाय तो पुरा होत नाय."

"घाल."

"खाली टिपेत तुझं नाव देते. नफिसा खोत लिहू, का नजे?"

तळपायाखाली टेंपो हादरत होता. नफिसा त्या टिपेकडे जणू लांबून बघत होती. बारीक अक्षर, पानाच्या तळाशी, आभारांसह.

"नाव नको," ती म्हणाली. "एकीनं विचारलं, एवढंच लिही."

सुनंदानं मान हलवली. पुन्हा बोलावशील का, असं तिनं विचारलं नाही आणि नफिसानंही येशील का म्हटलं नाही.

वाडीच्या वाटेशी टेंपो थांबला. सुनंदा उतरली, आईला उतरवलं, अब्रारला हात जोडले. मायलेकी चढणीला लागल्या. म्हातारी पुढे, हातवारे करत काहीतरी सांगत होती. लेक मागून ऐकत होती.

"पुढं ये गं आता," अब्रार म्हणाला. "जागा झाली."

"राहू दे. इथंच बरी आहे."

त्यानं आरशात एकदा तिच्याकडे पाहिलं आणि गाडी वळवली. शिळफाटा येईपर्यंत नफिसा मागे फरश्यांना धरून उभी होती. खोके सरकू नयेत म्हणून वळणावळणाला ती त्यांना पाय लावत राहिली.