दोन अनोळखी मुली

लुझर्नच्या होडी-संग्रहालयात माणसं होड्या बघायला येतात असा ज्यांचा समज असेल, त्यांनी एकदा लिस्बेथ वाल्डिसच्या जागी तिकीटखिडकीत बसून बघावं. लाकडी पूल कुठे? दगडात कोरलेला मरणारा सिंह कुठे? घड्याळं स्वस्त कुठे मिळतात? (स्वस्त! या गावात!) पुढची आगबोट किती वाजता? आणि सगळ्यात शेवटी, जरा मान खाली घालून, संडास कुठे? बाहेर बस उभी असते, चाळीस मिनिटांत सिंह, पूल आणि चॉकलेट उरकायचं असतं. मग तीनशे वर्षांच्या होडीकडे कोण कशाला बघतंय? एकोणीस वर्षं लिस्बेथ ही उत्तरं देत होती, आणि एकोणीस वर्षांत तिचा आवाज इतका गोड झाला होता की त्यातला संताप फक्त तिच्या आईला ऐकू यायचा.

संडासाच्या वाटेवर एक लांब बोळ होता. त्यात जुने फोटो टांगलेले होते. त्यामुळे संग्रहालयात सगळ्यात जास्त बघितला गेलेला फोटो कोणता म्हणाल, तर संडासाच्या दाराशेजारचा. मासेमारीची होडी, मागे धुक्यातला डोंगर, होडीत दोन मुली. डावीकडची उभी राहून भलंमोठं वल्हं ओढते आहे, उजवीकडची टोपी घालून जाळ्यांच्या ढिगावर बसली आहे. खाली पाटी: ‘दोन अनोळखी मुली, सुमारे १९४९.’ जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी, तिन्ही भाषांत अनोळखी.

त्या दोघींतली एक लिस्बेथची आई होती. फिलोमेना वाल्डिस, वय एक्क्याण्णव, मुक्काम संग्रहालयापासून चालत सहा मिनिटांवर.

आता तुम्ही म्हणाल, मग पाटी बदला. अहो, एवढं सोपं असतं तर काय हवं होतं! सहा वर्षांपूर्वी कुणाच्या तरी माळ्यावरून हा फोटो संग्रहालयात आला, आणि लिस्बेथनं त्याच आठवड्यात संग्रहालयाच्या मंडळाला पत्र लिहिलं. अकरा आठवड्यांनी उत्तर आलं. ओळख पटवायला दोन स्वतंत्र लेखी पुरावे हवेत. लिस्बेथनं लिहिलं, पुरावा जिवंत आहे, घरी बसून बटाटे सोलतोय, पाठवू का? उत्तर आलं: संबंधित व्यक्ती स्वतःच्याच बाबतीत स्वतंत्र पुरावा मानता येत नाही. लिस्बेथनं लिहिलं, मी तिची मुलगी, मी सांगते. उत्तर आलं: मुलगी, आणि वर संग्रहालयाची नोकर, म्हणजे दुहेरी हितसंबंध. मग फॉर्म बदलला, मग फॉर्मचा रंग बदलला, मग अर्ज तपासणारे गृहस्थ निवृत्त झाले आणि नवीन गृहस्थांनी सगळं पहिल्यापासून सुरू केलं. लिस्बेथचं डोकं फिरायची वेळ आली होती.

आईला मात्र एकच गोष्ट कळत होती. ती दर रविवारी जेवताना विचारायची, “नावं लागली का गं?”

“नाही आई. काम चालू आहे.”

“मी मेल्यावर लावणार आहेत का?”

“असं बोलू नकोस.”

“आणि ओटिलियाचं?”

इथं लिस्बेथचा संयम सुटायचा. ओटिलिया म्हणजे फोटोतली दुसरी. आईच्या माहेरी कामाला ठेवलेली कुणी पोर. त्या काळी पंचायत अनाथ-गरिबांची मुलं शेतकऱ्यांच्या, कोळ्यांच्या घरी वाटून टाकायची. राबायचं, मिळेल ते खायचं आणि तोंड उघडायचं नाही. एवढंच लिस्बेथला ठाऊक होतं, आणि त्यापुढं विचारायला तिला सवड नव्हती.

“आई, एका अर्जात एकच नाव चालतं. आधी तुझं तर होऊ दे.”

“मग तिचं आधी टाक.”

“तिचा पुरावा काय देऊ? डोंबल? नंतर बघू तिचं!”

आई भिंगातून ताटातला मासा न्याहाळून काटे काढायची. डोळ्यांनी दगा दिल्यापासून ती सगळंच त्या दिवा बसवलेल्या भिंगातून बघत असे.

शेवटी, पुरावा नाही तर मतदानानं ठरवू, असं म्हणून यंदा विषय मंडळाच्या वार्षिक सभेपुढे आला. मार्चचा पहिला शनिवार, दुपारी दोन. दोन म्हणजे दोन. दोन वाजून एक मिनिटानं येणारा माणूस इथं माफी मागत आत येतो. आईनं काळा कोट घातला, गळ्यात चांदीचा क्रॉस घातला आणि चाकांचा वॉकर ढकलत ती पावणेदोनलाच पहिल्या रांगेत जाऊन बसली. सभेला एकतीस जण हजर होते. अध्यक्षपदी लिनुस आमराइन, निवृत्त भूमापक, नियमावली उशाला घेऊन झोपणारा माणूस. त्याला आईनं लहानपणापासून पाहिलं होतं. नुसतं पाहिलं नव्हतं, त्याच्या बाप्तिस्म्याला त्याची धर्ममाता म्हणून तिनंच त्याला हातात धरलं होतं.

पाच विषय झाले. नळाची दुरुस्ती, नवीन माहितीपत्रक, कबुतरं. कबुतरांवर चाळीस मिनिटं. मग सहावा.

“फोटो क्रमांक दोनशे बारा,” आमराइन म्हणाला. “मतदानाआधी, ज्यांचा या विषयात व्यक्तिगत संबंध आहे त्यांनी नियमाप्रमाणे खोलीबाहेर जावं.”

लिस्बेथ उठली. हा नियम तिला पाठ होता. ज्याचा हितसंबंध, तो बाहेर. आपल्याच माणसासाठी हात वर करायची लाज या गावाला जन्मजात. तिनं आईला उठवलं, वॉकर फिरवला आणि दोघी बोळात येऊन उभ्या राहिल्या. पाच मिनिटांचं काम. आत एकोणतीस जण, कोरम अकराचा. आता कुठं माशी शिंकणार?

दार उघडलं. बेकरीवाला हॉफश्टेटर बाहेर आला.

“तुम्ही का आलात?”

“मी तीस वर्षं हिच्या हातचे मासे घेतलेत, लिस्बेथ. मी कसला तटस्थ?”

तो भिंतीला टेकतो न टेकतो तोच बूखर बहिणी आल्या, दोघी हातात हात घालून. “आम्ही हिच्याबरोबर चर्चमध्ये गात होतो. बरं दिसत नाही.” त्यांच्यामागे दाताचे डॉक्टर. “वाल्डिसबाईंची कवळी मीच बसवली. संबंध नाही असं कसं म्हणू?” मग पोस्टातला निवृत्त माणूस, मग आगबोटीवरचा तिकीट तपासनीस, मग तिसऱ्या मजल्यावरची शेजारीण, जिचं आणि आईचं इमारतीच्या सामाईक धुलाईखोलीत कपडे धुवायचा वार कुणाचा यावरून अठरा वर्षं वाकडं होतं. “वैर हाही संबंधच,” ती करड्या आवाजात म्हणाली.

“अहो, पण तुम्ही तिला ओळखता म्हणूनच तर हात वर करायचाय!” लिस्बेथ जवळजवळ ओरडलीच.

“तेच तर,” डॉक्टर समजुतीनं म्हणाले. “ओळखतो म्हणूनच करता येत नाही.”

दार उघडत राहिलं, मिटत राहिलं. बोळ भरत चालला. प्रत्येक जण आईपाशी येऊन हात मिळवत होता, “कशा आहात वाल्डिसबाई?” म्हणत होता, आणि मग बाजूला होऊन आपण किती सचोटीनं वागलो या समाधानात उभा राहत होता. लिस्बेथला एकेकाला कॉलर धरून परत आत ढकलावंसं वाटलं. सगळ्यात शेवटी दार उघडलं आणि खुद्द आमराइन बाहेर आला, कानांपर्यंत लाल.

“मी धर्मपुत्र,” तो म्हणाला. “मला सगळ्यात आधी उठायला हवं होतं. सुचलंच नाही.”

“मग आत कोण उरलंय?”

आत हांबुर्गहून दोन वर्षांपूर्वी आलेले थोर्बेन आणि त्यांची बायको उरली होती, आणि झुरिचचं एक जोडपं, जे एकदा पावसात आडोशाला आत शिरलं आणि चुकून या मंडळाचं सदस्य झालं होतं. थोर्बेननं दारातून डोकं बाहेर काढलं.

“माफ करा. आम्ही चौघं तयार आहोत. बाईंना आम्ही अजिबात ओळखत नाही. एकमत आहे आमचं.”

“कोरम अकराचा आहे,” आमराइन म्हणाला. “विषय पुढच्या वर्षीच्या सभेपुढे. मला फार वाईट वाटतंय.”

मग मात्र लिस्बेथचा एकोणीस वर्षांचा गोड आवाज फाटला. “पुढच्या वर्षी? ती एक्क्याण्णव वर्षांची आहे! लिनुस, या बोळात सव्वीस माणसं तिला ओळखतात, आणि ती अनोळखी आहे की नाही हे ठरवायला तुम्ही तिला न ओळखणारे चौघे शोधून ठेवलेत, आणि तेही कमी पडले! मी वेड्यांच्या बाजारात नोकरी करते की काय?”

दूर कुठंतरी ओव्हनची घंटी वाजली; सभेनंतरचे हॅमचे रोल भाजून झाले होते.

“लिनुस,” आई म्हणाली, “बाप्तिस्म्याला तू माझ्या बाहीवर दूध ओकला होतास. तेव्हा मी अनोळखी नव्हते.”

“नाही, मावशी.”

“बरं. माझं राहू दे. ओटिलियाचं सांग. इथं कुणी ओटिलिया फुररचा नातेवाईक आहे?”

माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

“कुणी तिच्याबरोबर गायलंय? तिचे दात कुणी बघितलेत? तिच्याशी भांडलंय कुणी?”

शेजारणीनं मान खाली घातली.

“मग तिच्यासाठी कुणाला बाहेर जायची गरज नव्हती,” आई म्हणाली. “तिचं नाव आजच लागलं असतं. मी हिला सहा वर्षं सांगतेय, तिचं आधी टाक.”

आई वॉकर ढकलत संडासाच्या दाराशी गेली, खिशातून भिंग काढून तिनं दिवा लावला आणि नाक काचेला टेकेपर्यंत फोटोवर वाकली. भिंगाचा उजेड उजवीकडच्या टोपीवर फिरला, मग डावीकडे सरकला आणि वल्हं ओढणाऱ्या मुलीच्या तोंडावर थांबला.

“ही,” आई म्हणाली. “ही ओटिलिया.”

“आई, ती तू आहेस. वल्हं मारणारी.”

“मी? मी बसलेय की. रविवारची टोपी घालून. फोटोवाला आला म्हणून मला कामाला कोण लावणार होतं? वल्हं तीच मारायची. रोजच.”

लिस्बेथ गार पडली. सहा वर्षं ती येईल त्याला सांगत होती, ती बघा डावीकडची, अंगात हत्तीचं बळ, ती माझी आई. कोणती कोण, हे तिनं आईला एकदाही विचारलं नव्हतं. विचारायचं काय त्यात, वल्हं मारणारी ती आपली आई, दुसरी कोण असणार! अर्जात चौथ्या ओळीत, तिच्याच अक्षरात, तेच लिहिलं होतं. ज्या मंडळाच्या नावानं ती सहा वर्षं बोटं मोडत होती, त्यानं पहिल्याच वर्षी होकार दिला असता तर त्या पोरीच्या तोंडाखाली तिच्या आईचं नाव बसलं असतं, कायमचं, तिन्ही भाषांत. तिला मंडळाचा राग येईना, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

“पेन आहे का कुणाकडे?” आईनं विचारलं.

आमराइननं खिशात हात घातला, पेन काढलं, टोपण काढून तिच्या हातात दिलं. मग घसा खाकरून म्हणाला, “अध्यक्ष म्हणून मला हे बघता येणार नाही,” आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. एकेक करत बेकरीवाला वळला, बूखर बहिणी वळल्या, डॉक्टर वळले, आणि बघता बघता अख्खा बोळ पाठ करून खिडकीबाहेरचं सरोवर बघू लागला, जणू ते आजच तिथं आलं होतं. हांबुर्गच्या थोर्बेनला काही कळलं नाही, पण तोही वळला.

लिस्बेथनं भिंग धरलं. ‘दोन’वर आईनं काट मारून ‘एक’ लिहिलं, ‘मुली’ची ‘मुलगी’ केली, आणि पुढं एकेक अक्षर सावकाश काढलं: आणि ओटिलिया फुरर, वय चौदा.

“आणि तुझं, आई?”

“माझं पुढच्या वर्षी. तेवढी जगले तर.” ती अक्षराकडे बघत राहिली. “दोन वर्षं होती आमच्याकडे. मग पंचायतीचा माणूस आला आणि तिला डोंगरापलीकडच्या कुणाकडे घेऊन गेला. घरात कुणी तिला नावानं हाक मारली नाही. ‘ए पोरी’ म्हणायचे. बाबा, आई, धाकटा भाऊसुद्धा.”

तिनं पेनाला टोपण लावायचा प्रयत्न केला, ते बसेना.

“मीसुद्धा,” ती म्हणाली.