पॉलिशला दिलेली ढाल

पत्राच्या शेवटी भोंग्याने लिहिलं होतं, ‘पोहायची चड्डी घेऊन येतोय. तुझ्याबरोबर तलावात उतरल्याशिवाय परत जाणार नाही.’

हे वाक्य मी चार वेळा वाचलं. माझी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. वाक्यात चूक असली तर ती मला सापडते. या वाक्यात चूक नव्हती. चूक माझी होती. मला पोहता येत नाही.

भोंगा आणि मी कॉलेजात एका बाकावर बसायचो. तो बोलायला लागला की शेजारच्या वर्गातले प्राध्यापक दार लावून घेत, म्हणून तो भोंगा. मी ग्रंथालयातून हलायचो नाही, म्हणून मी वाळवी. पुढे तो दूरच्या शहरात कागदाच्या गिरणीत बॉयलरवर लागला आणि तिथून पत्रं पाठवू लागला. कधी मोटारसायकल नाल्यात घातलेली असायची, कधी नाटकात राजाचं काम करताना मिशी हातात आलेली असायची. उत्तरात मी काय लिहिणार? आज दोनशे अनुस्वार तपासले? तीन पत्रांना मी उत्तरच दिलं नाही. मग एकदा धीर करून एक ओळ लिहिली : ‘सध्या पोहायला शिकतोय.’

त्यावर त्याचं चार पानी पत्र आलं. एवढा आनंद त्याला मोटारसायकल मिळाली तेव्हाही झाला नव्हता. मग मागे फिरायची सोय उरली नाही. ग्रंथालयातून पोहण्यावरचं एक जुनं पुस्तक आणलं. त्यात माणसाच्या हातापायांना बाण काढलेले होते. त्या बाणांच्या जोरावर मी चाळीस वर्षं पोहलो. पाठीवर पोहलो, सूर मारला, एकदा पाच पानं भरून समुद्रात गेलो. साठी उलटल्यावर ज्येष्ठांच्या शर्यतीत तिसरा आलो आणि ढाल मिळवली. पहिला नंबर घ्यायचा धीर मला पत्रातही झाला नाही.

दोन वर्षांपूर्वी भोंग्याची बायको गेली. ती शेवटची सहा वर्षं अंथरुणालाच खिळून होती. अशा माणसाला पोहण्याच्या गमती काय लिहायच्या, म्हणून मी नंतर फक्त ‘तब्येतीला जप, जेवण वेळेवर घे’ एवढंच लिहीत राहिलो.

माझ्या बायकोला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पत्रं मी छापखान्यातून टाकायचो, आणि निवृत्तीनंतर फिरायला जाताना; त्याची आलेली पत्रं कपाटात कुलपात ठेवायचो. आता तो येऊन सगळं उघडं पडणार होतं. चाळीस वर्षं जो माणूस त्याचा मित्र होता, तो मी नव्हतोच, हे त्याला कळणार होतं. मग तो कशाला थांबेल? मला दुसरा मित्र नाही.

शनिवारी सकाळी जिन्यातूनच हाक आली. “वाळव्या! जिवंत आहेस का पुस्तकांनी खाल्लं तुला?” वरच्या मजल्यावरची दोन दारं उघडली. भोंगा सुटला होता, टक्कल पडलं होतं, पण आवाज तसाच. त्याने मला मिठी मारली तेव्हा माझा चष्मा त्याच्या खिशातल्या पेनात अडकला, आणि तो सोडवेपर्यंत आम्ही दोघे तसेच उभे होतो.

“वहिनी, याला खायला घालता की नाही? पोहणाऱ्याचे खांदे असे असतात होय?”

बायको चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी कपाटाकडे पाहिलं.

“आणि ती ढाल कुठंय?” भोंगा भिंतीवर शोधत होता. “ज्येष्ठांच्या शर्यतीची. तिसरा नंबर.”

बायकोने ट्रे टेबलावर ठेवला, कप नीट लावले आणि म्हणाली, “पॉलिशला दिलीय, भावजी. काळी पडली होती.”

मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेलो. तिने गॅस बारीक केला.

“बोला, ढालवाले.”

मी सांगितलं. सगळं सांगायला पाच मिनिटं लागली. ती तोंडावर पदर धरून हसत होती. मग हसायची थांबली.

“चाळीस वर्षं इतकं मजेशीर लिहीत होतात,” ती म्हणाली, “आणि मला एकदाही वाचून दाखवलं नाहीत?”

मी दाराआडून भोंग्याकडे पाहिलं.

“त्याला सांगू का आत्ताच?”

“तुमचं तुम्ही बघा. मी एकदा खोटं बोलले, आता मला मध्ये घेऊ नका.”

तो दिवस मात्र असा गेला की मला भीतीचा विसर पडला. भोंग्याने आमचा महिनाभर रुसलेला गीझर दोन फटक्यांत चालू केला आणि त्याखाली उभा राहून इतकं गायला की वरच्या मजल्यावरून फर्माईश आली. दुपारी पत्ते खेळताना त्याने उघड उघड लबाडी केली आणि बायकोने त्याच्याहून सफाईने. दोघांनी मिळून मला सात डाव हरवलं. मधेच तो म्हणाला, “आमची ही असती तर तुम्हां दोघांना पुरून उरली असती,” आणि पत्ते पिसायला लागला. ते त्याने जरा जास्तच वेळ पिसले.

रविवारी सकाळी सातला आम्ही नगरपालिकेच्या तलावावर गेलो. आजारी पडायचा विचार माझ्या मनात आला होता, पण आजारी पडायलाही थोडा आत्मविश्वास लागतो. हिरव्या फरशीवरून क्लोरीनचा वास येत होता. खिडकीशी गळ्यात शिट्टी अडकवलेली, चाळिशीची प्रशिक्षक बाई बसली होती.

“काय बाई, याला ओळखलं का?” भोंग्याने विचारलं. “तुमचा जुना माणूस.”

बाईंनी मला निरखलं. “अकरा वर्षं झाली मला इथे. या आजोबांना पहिल्यांदाच बघतेय.”

माझे कान तापले. मी तोंड उघडलं, पण भोंगाच घाईने म्हणाला, “बरोबर आहे. तो दुसऱ्या तलावावर जायचा. घरापासून लांबच्या.”

बाईंनी दोन अर्ज पुढे सरकवले. नाव, वय, आजार. आणि खाली : पोहता येते का? हो. नाही.

“हो असेल तर खोल बाजूला थेट जा,” बाई म्हणाल्या. “नाही असेल तर माझ्याबरोबर उथळ पाण्यात.”

त्या क्षणी मला सत्याची चाड वाटली, असं लिहायला मला आवडलं असतं. पण काचेतून खोल बाजूचं गडद पाणी दिसत होतं, आणि अब्रू गेली तरी चालेल, जीव जाऊ नये असंच मला वाटलं. मी ‘नाही’वर खूण केली आणि अर्ज भोंग्यापुढे धरला. तोंडाने सांगवेना.

त्याने अर्ज वाचला. मग अर्ज खिडकीतून बाईंकडे सरकवला.

“एकदाचं कबूल केलंस, लेका,” तो म्हणाला.

“तुला माहीत होतं?”

“पहिल्याच वर्षी कळलं. पाण्याखाली डोळे उघडून तळाच्या फरशीवरचे आकडे वाचलेस म्हणून लिहिलंस. अरे, चष्मा काढला की तुला फळासुद्धा दिसायचा नाही!”

“मग बोलला का नाहीस?”

“बोललो असतो तर पुढचं पत्र आलं असतं का?”

आम्ही बाकावर बसलो. भोंगा टॉवेलच्या कडेचा दोरा ओढत होता.

“आमच्या हिला मात्र सगळं खरं वाटायचं,” तो म्हणाला. “मीही सांगितलं नाही. अंथरुणाला खिळल्यापासून महिन्याला विचारायची, भावजींचं पत्र आलं का, या खेपेला कुठे पोहले? समुद्रात गेलास का म्हणून मी विचारलं होतं ना तुला? ते तिने विचारायला लावलं होतं. ती पाच पानं किती वेळा वाचून घेतली असतील तिने! डोळे मिटून ऐकायची. म्हणायची, पायाला गार लागतंय.”

मी चष्मा काढून पुसला. ओला नव्हता, तरी.

“आणि ती गेली नि तू एकदम कोरडा झालास. तब्येतीला जप! डॉक्टर आहेस का? मला वाटलं, हा बुडालाबिडाला की काय. म्हणून बघायला आलो.” आवाज चढला, तसं बाईंनी वळून पाहिलं. त्याने तो खाली आणला. “वाळव्या, घरी संध्याकाळी मी ते जुनेच कागद वाचत बसतो. नवीन लिही ना रे.”

“पण खोटं आहे ते सगळं.”

“मग मी काय खऱ्यासाठी वाचतो होय?”

बाईंनी शिट्टी वाजवली. “आजोबा, येताय का, की बाकावरच पोहणार?”

पोहता येत असूनही भोंगा माझ्याबरोबर उथळ बाजूला उतरला. पाणी छातीपर्यंत होतं. कठड्याची नळी दोन्ही हातांनी पकडून मी डोकं पाण्यात घातलं. काहीच दिसलं नाही. नाकातून जी आग डोक्यापर्यंत गेली तिचा त्या पुस्तकात कुठल्याही बाणापाशी उल्लेख नव्हता. मी खोकत वर आलो तर भोंगा इतका हसत होता की त्यालाच ठसका लागला, आणि बाईंना दोघांच्याही पाठी थोपटाव्या लागल्या.

तो मंगळवारी गेला. बसच्या खिडकीतून ओरडला, “या खेपेला नदी! पलीकडच्या काठापर्यंत!” सगळी बस माझ्याकडे बघत होती. एरवी मी खांबाआड झालो असतो. मी हात हलवला.

त्याच संध्याकाळी कागद घेऊन बसलो. ‘प्रिय भोंग्या’ लिहिलं आणि अडलो. नाकात पाणी गेल्यावर कसं वाटतं ते आता मला माहीत होतं, आणि त्यामुळे लिहिणं सोपं होण्याऐवजी अवघडच झालं होतं. बायको खुर्ची ओढून शेजारी बसली.

“मोठ्याने वाचत लिहा,” ती म्हणाली.

“अजून काही सुचलं नाही.”

“मग आधी लिहा, ढाल पॉलिश होऊन आली.” तिने जरा विचार केला. “आणि म्हणावं, वहिनींनी ती समोरच्या भिंतीवर लावलीय.”